लाटेच्या पाच फेऱ्या

मी मुळात भित्री. शाळेत हे कोणाला ठाऊक नाही, कारण विज्ञानाची बाई भित्री असू शकते हे मुलांच्या डोक्यातच येत नाही. प्रयोगशाळेत मी ॲसिडची बाटली बेधडक उघडते आणि घरी पाल दिसली की पलंगावर चढते. नवऱ्याच्या मोटारसायकलवर मागे बसून काशीदच्या घाटातून मुरुडला जायचं म्हटलं की मी आधी एसटीचं वेळापत्रक बघते. वळणावर गाडी आत का झुकते, टायर आणि रस्ता यांच्यातलं घर्षण तिला आत कसं ओढून धरतं, हे मी फळ्यावर काढून शिकवते. तेच नडतं. ज्याला ठाऊक नसतं तो गाणं गुणगुणत जातो, मी प्रत्येक वळणावर रस्त्यात वाळू सांडलीय का ते बघत जाते.

माझं सासर रेवदंड्याची खाडी ओलांडून मुरुडच्या रस्त्याला लागलं की थोडं आत. भाताची शेती, मागे नारळ-सुपारीची वाडी. दर चैत्रात आमच्या देवीची जत्रा भरते आणि जत्रेत लाट फिरते.

ही लाट समुद्राची नव्हे. देवळापुढच्या मोकळ्या जागेत एक जाडजूड खांब रोवलेला आहे. जत्रेच्या दिवशी त्याच्या माथ्यावर एक लांब लाकूड आडवं बसवतात. ते खांबाभोवती गोल फिरतं आणि बागेतल्या सीसॉसारखं वरखालीही होतं. हे लाकूड म्हणजे लाट. तिची एक बाजू लांब, दुसरी आखूड. नवस फेडणाऱ्याला लांब टोकाला बांधून लोंबकळत ठेवतात. आखूड टोकाला ओढायचा दोरखंड असतो. तो धरून गावातले दहाबारा तगडे गडी खाली जोर लावतात, की पलीकडचा माणूस उचलला जातो, पार कौलांच्या उंचीला. मग ते दोरखंड धरून खांबाभोवती पळायला लागतात आणि वर तो माणूस फिरतो. पाच फेऱ्या. पूर्वी म्हणे पाठीत लोखंडी गळ अडकवायचे. ते बंद होऊन जमाना झाला. आता अंगाला धोतराचा पट्टा गुंडाळतात आणि त्याला देवीचा दोर बांधतात.

हा दोर बांधायचा मान आमच्या घराचा. सासऱ्यांच्याही आजोबांपासून. मान म्हणजे दोन कामं. आधी माणसाला बांधायचं, आणि मग खांबाला तळवा लावून रिंगणाच्या मधोमध उभं राहायचं. बँजो इतका वाजत असतो की ओरडलेलं कोणाला ऐकू जात नाही, म्हणून सगळं खुणेनं चालतं. मानकऱ्यानं एक हात वर केला की गावाच्या नावानं आणखी एक फेरी, आणि ती जोरात. दोन्ही हात वर केले की थांबायचं. पळणाऱ्यांचा म्होरक्या फक्त त्या हातांकडे बघत असतो. रिंगणात बाईमाणसानं पाऊल ठेवायचं नाही, हाही एक नियम. तो कुठे लिहिलेला नाही, आणि तोवर कोणी मोडलाही नव्हता.

लग्न होऊन आल्यापासून मी ही लाट लांबूनच बघत आले होते. गेल्या चैत्रात तिच्यावर माझा नवरा चढायचा होता.

त्याच्या आधीच्या पावसाळ्यात आमच्या मुलीला डेंग्यू झाला होता. अलिबागच्या दवाखान्यात ती सलाइन लावून पडलेली, डोळे उघडत नव्हती, आणि डॉक्टर सारखं "बघू" एवढंच म्हणत होते. सासूबाई खाटेच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "आई, माझी नात घरी येऊ दे. तिचा बापूस तुझ्या लाटंवर चढंल." मी विज्ञानाची बाई. माझा नवसावर विश्वास नाही, हे मी चारचौघांत तावातावानं सांगते. पण त्या दिवशी मी गप्प राहिले, आणि खरं सांगायचं तर हात मीही जोडले होते. मुलगी घरी आली. आता नवस फेडणं आलं.

नवऱ्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं. तो दक्षिणेकडच्या दुसऱ्या खाडीपलीकडे, बंदरात ट्रेलर चालवतो. आगरदांड्याहून फेरीबोटीनं जातो आणि आठवड्यातून एकदा घरी येतो. बसून बसून पोट सुटलंय. "एवढं वजन उचलताना गड्यांचा घाम निघंल," म्हणून तोच हसायचा. मला हसू येत नव्हतं, कारण मला एक गोष्ट ठाऊक होती जी त्यालाही नीट ठाऊक नव्हती.

दिवाळीनंतर सासऱ्यांना अर्धांगाचा हलका झटका येऊन गेला. वाकडं झालेलं तोंड सरळ झालं, पाय चालू लागला, डावा हात मात्र मागे राहिला. अगदी लुळा नव्हता. कोपरातून वाकायचा, छातीपर्यंत यायचा, पण त्याच्या वर जात नसे आणि बोटांत पकड उरली नव्हती. ते तो हात नेहमी बंडीच्या खिशात अडकवून ठेवत, त्यामुळे बघणाऱ्याला कळत नसे. सकाळी सासूबाई वाडीत पाणी लावायला गेल्या की मी त्यांच्या शर्टाची बटणं लावून द्यायची. हे आम्हा दोघांत न बोलता ठरलेलं होतं. बटणं लावताना ते छताकडे बघायचे आणि मी बटणांकडे.

गावात "जरा अशक्तपणा" एवढंच सांगितलं होतं. कारण समोर भाऊबंदांचं घर. मानाचा पुढचा हक्क त्यांचा, आणि मान एकदा समोर गेला की परत येत नाही. त्यांच्यातला थोरला रोज संध्याकाळी आमच्या ओटीवर येऊन टेकायचा आणि अगदी मायेनं विचारायचा, "काका, हात कसा हाय?"

"तुझ्या कानाखाली वाजवन्याइतका चांगला हाय," सासरे म्हणायचे आणि उजव्या हातानं चहाचा कप उचलायचे. तो हसायचा. जाताना त्या खिशाकडे मात्र हमखास बघायचा.

नेमके त्याच दिवसांत शाळेत दहावीत जाणाऱ्या मुलांचे सुट्टीतले वर्ग सुरू झाले. दहावीचा पहिला धडा गुरुत्वाकर्षणाचा, आणि त्याच्या सुरुवातीलाच दोरीला बांधून फिरवलेला दगड. दगडाची जोखीम नको म्हणून मी मोज्यात वाळू भरते. मैदानात उभं राहून मोजा डोक्यावर गरागरा फिरवायचा आणि मुलांना विचारायचं, सोडला तर कुठे जाईल? दरवर्षी सगळी एकसुरात सांगतात, "बाहेर, बाई!" आणि माझ्या हातापासून मोज्याच्या दिशेनं सरळ बोट दाखवतात. मग मी सोडते. मोजा बाहेर जात नाही, बाजूला जातो. स्पर्शिकेच्या रेषेत. मुलांचे चेहरे तेव्हा बघण्यासारखे असतात, आणि मला त्याची दरवर्षी मजा वाटते.

त्या वर्षी फिरवता फिरवता माझं सगळं लक्ष दोरीवरच राहिलं. दोरीचा सूं सूं आवाज येत होता. बोटाला दोरी काचत होती, कारण मी मोज्याला आत ओढत होते म्हणून मोजाही मला ओढत होता. मी नेहमीची वाक्यं म्हणत गेले. मोज्याला बाहेर कोणीही ढकलत नाही, मुलांनो. त्याला बिचाऱ्याला दर क्षणी सरळच जायचंय. दोरी त्याला दर क्षणी केंद्राकडे ओढते आणि वळवते. चाल तीच राहिली तरी दिशा बदलते, म्हणजे वेग बदलतो, म्हणजे त्वरण आलंच, आणि तेही केंद्राच्या दिशेनं. या आतल्या ओढीचं नाव अभिकेंद्री बल. चाल दुप्पट केली तर हे बल चौपट लागतं. दोरीला ते झेपलं नाही, किंवा गाठ सुटली, की संपलं.

"बाई, लाटेवर पण असंच असतं का हो?" पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं. तिच्या मामाचं घर आमच्या गावात होतं.

"असंच असतं," मी म्हणाले आणि मोजा न सोडताच खाली घेतला. मुलांना वाटलं बाईंचा हात दुखला.

त्या रविवारी नवरा घरी आला तेव्हा मी त्याला सांगून पाहिलं. त्याच्या कामावर उंचीवर चढणाऱ्यांना सेफ्टी बेल्ट देतात. तसला एक आण, पट्ट्याच्या आतून घाल, कोणाला दिसणार नाही.

"देवीम्होरं बेल्ट लावून जाऊ? येडी झालीस?" तो म्हणाला. "आनि बाबा बांधनार हाय ना? बाबांची गाठ आजपर्यंत सुटलीय कधी?"

माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण सासरे बाहेर ओटीवर बसलेले होते, आणि समोरच्या ओटीवर तो थोरला. मी बोलले असते तर नवऱ्याचा आवाज चढला असता, तो तडक बापाकडे गेला असता आणि पुढचं सगळ्या आळीनं ऐकलं असतं. मी गिळलं. त्या रात्री आणि नंतर कित्येक रात्री मला झोप लागली नाही.

जत्रेच्या आदल्या दिवशी देवीचा दोर आमच्या घरी आला. तो आधी समुद्राच्या पाण्यात धुतात, मग वाळवून तेल-हळद चोळतात. चोळताना सासऱ्यांनी दोर मांडीत दाबून धरला होता आणि एकट्या उजव्या हातानं चोळत होते. मी तेलाची वाटी घेऊन बसले. घरात दुसरं कोणी नव्हतं.

"बाबा," मी म्हणाले, "या वर्षी कोणाला तरी जोडीला घ्या ना. तुम्ही नुसते शेजारी उभे राहा."

"कोनाला घेऊ? समोरच्याला?"

"पण बाबा, तुमचा हात..."

"पोरगा हाय तो माझा," ते म्हणाले. "मीच बांधनार." आणि मग माझ्याकडे न बघता, जरा हळू आवाजात, "तू घाबरतंस ते मना दिसतंय."

दुपारी मी मागच्या दारी भांडी घासत होते तेव्हा ते गोठ्यात दिसले. गोठ्याच्या खांबाला दोराचं टोक गुंडाळून ते गाठ मारत होते. उजव्या हातानं वेढा घ्यायचे, डाव्या कोपरानं तो दाबून धरायचे आणि दुसरं टोक दातांत पकडून मान मागे खेचायचे. मशेरीनं काळे पडलेले त्यांचे दात अजून शाबूत आहेत. एकदा गाठ बसली. एकदा तेलानं सटकली आणि ते मागे गव्हाणीवर आपटले. पुन्हा उठून बसले. त्यांनी मला बघितलं. मी मान खाली घालून तांब्या घासायला लागले, पण तांब्या माझ्या हातातून दोनदा निसटला. एकदा बसली आणि एकदा सटकली. माझ्या नवऱ्याचा जीव आता या हिशेबावर टांगणार होता.

जत्रेच्या दिवशी दुपार कलली तशी माणसं दाटली. जिलेबीची दुकानं, फुगे, बँजोवाल्यांचा टेम्पो. रिंगणाभोवती चुन्याची रेघ मारलेली होती आणि आम्ही बायका देवळाच्या बाजूला त्या रेघेमागे उभ्या होतो. मुलगी सासूबाईंच्या कडेवर, नवा फ्रॉक घालून, बापाला हात करत होती. मी मात्र जागा शोधत होते. दोर सुटलाच तर हा कुठे पडेल? तिथे निदान माणसं उभी करता येतील, गवताच्या पेंढ्या टाकता येतील. मी इकडून तिकडे बघत राहिले आणि जे मी इतकी वर्षं शिकवतेय ते मला तेव्हा अंगावर काटा येऊन कळलं. तो दर क्षणी वेगळ्या दिशेला निघालेला असणार. या क्षणी सुटला तर देवळाच्या पायऱ्यांवर, पुढच्या क्षणी जिलेबीच्या कढईवर, त्याच्या पुढच्या क्षणी माझ्या पोरीवर. पेंढा कुठे टाकणार? रिंगणच काय, सगळी जत्राच पेंढ्यानं झाकायला हवी होती.

सासऱ्यांनी बांधायला घेतलं. नवरा पालथा, दोन गड्यांनी उचलून धरलेला. सासऱ्यांनी वेढे घेतले, कोपर टेकवलं, आणि मग त्यांनी तोंड दोराजवळ नेलं. लोकांना वाटलं म्हातारा दोराला नमस्कार करतोय. कोणीतरी देवीच्या नावानं गजर केला, मग सगळ्यांनीच. त्या गजरात त्यांनी मान मागे खेचली ती मी बघितली. मला गाठ दिसत नव्हती. बसली की सटकली, हे मला कळायला काहीच मार्ग नव्हता.

लाट उचलली गेली. पळणारे पळायला लागले.

पहिल्या फेरीत दोर जवळजवळ सरळ खाली लोंबत होता. दुसऱ्या फेरीत तो तिरका झाला. मला डोळे मिटायचे होते, पण मिटता आले नाहीत, कारण त्या तिरकेपणावरून मला ओढ वाचता येत होती. दोर पंचेचाळीस अंशांत आला म्हणजे नवऱ्याला आत ओढून धरायला त्याच्या वजनाइतकंच बल लागतंय. वजन पेलायचं ते वेगळंच. गड्यांना आपण किती जोरात पळतोय तेच कळतं, पण त्यांची बाजू आखूड. लांब टोकाचा माणूस तेवढ्याच वेळात कितीतरी मोठं वर्तुळ कापतो, त्याची चाल त्यांच्या दुप्पट. तिसरी फेरी. चौथी. बँजोवाल्यानं ठेका वाढवला तसे गडीही चेव आल्यासारखे पळायला लागले. बायका ओरडत होत्या, मुलगी टाळ्या वाजवत होती, आणि मी घशातल्या घशात नुसतं "पुरे, पुरे" म्हणत होते.

पाचवी फेरी झाली. सासऱ्यांनी खांबावरचा तळवा काढला आणि उजवा हात वर केला.

डावा हात छातीपाशी येऊन थांबला.

मी इतके दिवस गाठीचाच विचार करत होते. तेही गाठीचाच करत होते. थांबवायला दोन हात लागतात, हे आम्हा दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

म्होरक्यानं एक हात वर बघितला. गावाच्या नावाची फेरी! तो आनंदानं ओरडला आणि सगळ्यांनी मुसंडी मारली. आता दोर पंचेचाळीस अंशांच्याही वर गेला. नवरा वर जवळजवळ लाटेच्या पातळीला आला होता, आणि खांबाच्या माथ्यातून करकर ऐकू यायला लागली. सासऱ्यांनी उजव्या हातानं डावं मनगट पकडून वर ढकलायला बघितलं. पण दोन्ही हात तेल-हळदीनं माखलेले, मनगट निसटलं. त्यांनी पुन्हा उजवा हात वर केला, आणि गडी आणखी जोरात पळाले. त्यांचं तोंड उघडत मिटत होतं. बँजोपुढे ते काय ऐकू जाणार?

मी बायकांच्या कडेला उभ्या असलेल्या एका माणसाला हलवलं, "थांबवा त्यांना, थांबवा!" त्याला वाटलं मी कौतुकानं बोलतेय. तो हसला.

पळणारे रिंगणाच्या एकाच बाजूला असतात. ते समोरून गेले की मागे मोकळी जागा राहते, जेमतेम एक-दोन श्वासांची. मला भीती वाटतच होती, आणि तरी ते समोरून गेल्यावर मी रेघ ओलांडून पळाले. मागून बायकांची किंकाळी आली. चप्पल निसटली. डोक्यावरून काहीतरी घोंगावत गेलं. तो माझा नवरा होता, पण मी वर बघितलं नाही.

सासऱ्यांनी मला बघितलं. त्यांचे डोळे इतके घाबरलेले मी कधीच पाहिले नव्हते. मी डाव्या मनगटाला हात घातला, तो तेलानं सटकला. मग मी पदर त्या मनगटाभोवती गुंडाळला, कोपराखाली दुसरा हात दिला आणि सगळा जोर लावून तो हात वर उचलला. ते दुखून कण्हले. मी सोडला नाही. दोन्ही हात वर झाले.

लाट एकदम थांबवता येत नाही. गडी हळू झाले तरी ती फिरतच होती. तेवढा वेळ आम्ही दोघं तसेच उभे होतो, त्यांचे हात वर आणि माझी पाठ खांबाला टेकलेली. खांब हलत होता. आधी एका अंगाला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. वर नवरा जिकडे असेल तिकडे खांब ओढला जात होता, आणि ती ओढ माझ्या पाठीत उतरत होती. मग ती कमी कमी होत गेली आणि नवरा खाली आला.

तो आधी ओकला, मग मातीतच बसून हसायला लागला. "बाबांनी गावाची फेरी पन दिली!" मला त्याच्या एक मुस्काटात द्यावीशी वाटली आणि त्याच वेळी मला रडू फुटलं. बँजो बंद झाला होता. सगळं गाव माझ्याकडे बघत होतं, पदर अजून त्या मनगटाला गुंडाळलेला होता.

गाठ मात्र सुटेना. चौघांनी नखं तोडून घेतली. देवीचा दोर कापायचा नसतो, म्हणून शेवटी धोतराचा पट्टाच सोडून नवऱ्याला बाहेर काढला. गाठ दोरात तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावकीचे पंच आले. त्यांच्याबरोबर समोरचा थोरलाही. मी स्वयंपाकघराच्या दारामागे उभी राहिले. रिंगणात बाई शिरली, हा विषय सुटणार नव्हता. मला माफी मागायला लावतील, शाळेत कळेल, माहेरी कळेल, आणि या घरात मी कोण म्हणून राहीन, असं काय काय मनात येत होतं. नवरा पहाटेच कामावर गेला होता.

पंच वाईट माणसं नव्हती. त्यांनी वाट काढूनच आणली होती. "दादा, तुमच्या सुनंकडनं चूक झाली," त्यांच्यातला वडीलधारा म्हणाला. "नवऱ्याला वर बघून तिचा धीर सुटला, आनि ती आत धावली. बाईमानूस हाय, व्हतंय असं. देवीला नारळ देऊ, तिला म्हनावं पाया पड, विषय संपला. मान तुमचा तुमच्याकडंच."

समोरचा थोरला खाली बघत होता. त्याला हे आवडलेलं दिसत नव्हतं.

मला वाटलं, सासरे हो म्हणणार. त्यांना हो म्हणण्यावाचून काही करायचंच नव्हतं. दोष माझा, मान त्यांचा, आणि खिशातला हात खिशातच. मी त्यांच्या जागी असते तर कदाचित मीही हो म्हटलं असतं. मी आतून पाया पडायची तयारी करायला लागले होते.

सासऱ्यांनी उजव्या हातानं डावा हात खिशातून बाहेर काढला आणि सगळ्यांना दिसेल असा मांडीवर ठेवला.

"तिनं चूक केली न्हाय," ते म्हणाले. "माझा हात वर जात न्हाय. दिवाळीपासनं जात न्हाय. ती आली नसती तर माझा पोरगा गेला असता."

सासूबाई आत माझ्या शेजारी मटकन खाली बसल्या.

खुंटीवर दोर होता, कालची गाठ तशीच. सासऱ्यांनी तो उतरवून घेतला आणि समोरच्या थोरल्याकडे वळले. मानाचा दोर एका हातानं देत नाहीत, दोन्ही हातांवर आडवा ठेवून देतात. ते क्षणभर तसेच थांबले. मग आतल्या दाराकडे बघून त्यांनी मला हाक मारली. पंचांच्या देखत, मोठ्यानं.

"पोरी, जरा इकरं ये. हात दे."

मी डोक्यावरचा पदर सावरत बाहेर गेले आणि त्यांच्या डाव्या मनगटाखाली माझा हात दिला. दोर आमच्या तिन्ही हातांवर आला. तेलकट, मला वाटलं होतं त्याहून जड. थोरल्यानं वाकून घेतला. गाठीकडे बघून त्यानं विचारलं, "काका, ही कशी सोडायची?"

"पुढल्या चैताला ये," सासरे म्हणाले. "दाखवीन."

पंच उठले, चपला घालून निघून गेले. दोर गेला तरी सासऱ्यांनी हात खाली घेतला नाही, आणि मीही माझा हात काढला नाही. आम्ही तसेच उभे राहिलो. मग त्यांनी छताकडे बघितलं, आणि माझ्या लक्षात आलं की सकाळपासून त्यांच्या शर्टाची बटणं लावायची राहिली होती.